टीबी-३०३चा आवाज प्लगिनमधून ‘तसा’ येत नाही? फिल्टर सोडा, आधी सूर तपासा

टीबी-३०३ म्हणजे रोलंडचा जुना बेस सिंथेसायझर, आणि प्लगिन म्हणजे संगणकावर त्याचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक ऑडिओ फाइल पाठवतं. सोबतचा मजकूर साधारण ठरलेला असतो: “दादा, ३०३चा प्लगिन टाकलाय, कटऑफ-रेझोनन्स सगळं फिरवून बघितलं, पण आवाज प्लास्टिकसारखा येतोय. दुसरा कुठला प्लगिन घेऊ?” फाइल चालू केली की पहिल्या चार-सहा सुरांतच कळतं, प्लगिनची काही चूक नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मग तो मुलगा दुसरा प्लगिन घेतो, तिसरा घेतो, एखादा तर उसनवारी करून स्वस्तातला हार्डवेअर क्लोन मागवतो, आणि पॅटर्न तोच ठेवल्यामुळे आवाजही तसाच मेंगळट राहतो.

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहिलंय, मधल्या पायऱ्या गाळू नका. हे सगळं टीबी-३०३बद्दल आहे. जुनो किंवा डीएक्स-७ या दुसऱ्या सिंथेसायझरांची दुखणी वेगळी आहेत, तिथे हा इलाज चालणार नाही.

मशीन समजून घ्या, दोन मिनिटं

रोलंडने टीबी-३०३ काढला १९८१ साली, तादाओ किकुमोतो यांनी तो घडवला. एकट्या गिटारवाल्याला सराव करताना बेस वाजवणारा सोबती मिळावा, एवढाच हेतू. बेस गिटारसारखा तो कधी वाजला नाही, खप झाला नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. मग हे डबे सेकंडहँड दुकानांत पडेल भावात मिळू लागले आणि शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी १९८७ मध्ये त्यातून ऍसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला. पण त्याआधी पाच वर्षं, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी हाच ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर रेकॉर्ड केले होते. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक डोकं खाजवू लागले.

आपल्या कामाची गोष्ट ही: ३०३ हे हाताने वाजवायचं वाद्य नाही. त्यावर पियानोसारखी दिसणारी बटणं आहेत, पण ती सूर भरण्यासाठी. वाजवतो तो आतला सोळा स्टेपचा सिक्वेन्सर, म्हणजे सोळा घरांत भरलेले सूर क्रमाने सोडणारा भाग. त्याला व्हेलॉसिटी, म्हणजे सूर किती जोरात वाजवला ते, ठाऊक नाही. एखादा सूर ऍक्सेंटचा (ठासून वाजणारा) असतो किंवा नसतो, स्लाइडचा (पुढच्या सुरावर घसरत जाणारा) असतो किंवा नसतो, बस्स. ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज काढणारा भाग, एकच; त्याची लाट सॉ (करवतीसारखी) किंवा स्क्वेअर (चौकोनी). नॉब मोजकेच: ट्यूनिंग, कटऑफ (फिल्टर आवाजाचा वरचा भाग कुठून कापतो), रेझोनन्स (कापतो त्या जागी किती धार), एन्व्ह मॉड (एन्व्हलप, म्हणजे प्रत्येक सुरासोबतचा चढउतार, फिल्टरला किती हलवतो), डिके (तो चढउतार किती वेळात ओसरतो), ऍक्सेंट. सूर चढणं, टिकणं, सुटणं यांसाठीचे अटॅक, सस्टेन, रिलीज हे नॉब नाहीत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून जो आवाज येतो तो मुख्यतः सिक्वेन्सर सूर कसे सोडतो त्यातून येतो. आपण संगणकावर नेमका तोच भाग टाकून देतो, पियानो रोलमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरांच्या तक्त्यात) स्वतःचे सूर काढतो आणि मग फिल्टरला दोष देतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी सगळं उघडं करा

डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब, कॉम्प्रेसर बंद. ड्रम बंद. मास्टरवर काही बसवलं असेल तर तेही बंद. टेम्पो १२५ ठेवा. कटऑफ साधारण मध्याच्या खाली, रेझोनन्स पाऊण, एन्व्ह मॉड निम्म्याच्या वर, डिके मध्यावर, ऍक्सेंट पाऊण. लाट सॉ.

आता हा पॅटर्न भरा. मी नेहमी हाच वापरतो, भैरवाच्या सुरांत बांधलेला आहे. पट्टी काळी एक घ्या किंवा पांढरी एक, फरक पडत नाही, फक्त सा खालच्या सप्तकात ठेवा:

१ सा, ऍक्सेंट
२ सा
३ वरचा सा, पुढच्या सुरावर स्लाइड
४ वरचा कोमल रे
५ रिकामा
६ सा
७ ग, स्लाइड
८ म
९ प, ऍक्सेंट
१० प
११ कोमल ध, स्लाइड
१२ प
१३ रिकामा
१४ मंद्र नी
१५ सा, ऍक्सेंट
१६ सा, ऍक्सेंट

शेवटचे दोन ऍक्सेंट आणि लूप फिरून आल्यावर पहिल्या स्टेपचा ऍक्सेंट, असे तीन सलग पडतात. ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण खाली कळेल.

सूर एकमेकांना चिकटलेत, उडी येत नाही

सगळ्यात जास्त आढळणारा दोष हा, आणि सगळ्यात सोपा. पियानो रोलमध्ये पेन्सिलने सूर काढला की तो अख्खी स्टेप भरतो. मूळ मशीनमध्ये साध्या सुराचा गेट, म्हणजे सूर चालू ठेवणारा संकेत, स्टेपच्या जवळपास निम्म्यातच बंद होतो. १२५ टेम्पोला एक स्टेप म्हणजे १२० मिलिसेकंद, म्हणजे सूर साधारण ६० मिलिसेकंद वाजतो आणि तेवढीच शांतता मागे राहते. ३०३चा तो टुणटुणीतपणा या शांततेतून येतो.

सगळे साधे सूर निवडा आणि लांबी ५० ते ६० टक्क्यांवर आणा. बस्स, हे केल्यावर निम्मे लोक मला धन्यवाद पाठवतात आणि पुढचं वाचत नाहीत.

इथेच आणखी एक तक्रार निकालात निघते: “डिकेचा नॉब फिरवला तरी काही होत नाही.” होणार कसं? डिके फक्त फिल्टरच्या एन्व्हलपला लागू होतो, आवाजाच्या पातळीचा एन्व्हलप वेगळा आणि त्याला नॉबच नाही. सूर ६० मिलिसेकंदांत संपत असेल तर दोनशे मिलिसेकंदांचा डिके आणि दोन सेकंदांचा डिके यांतला फरक त्यात फार दिसत नाही. तो दिसतो स्लाइडने जोडलेल्या लांब सुरांवर. पॅटर्नमध्ये स्लाइड नसेल तर डिकेचा नॉब जवळजवळ शोभेचा आहे.

स्लाइड: घोडं बहुतेकदा इथेच पेंड खातं

स्लाइडच्या स्टेपवर मूळ मशीन दोन गोष्टी एकदम करतं. पहिली, गेट बंद करत नाही, सूर पुढच्या सुरात ओतला जातो, म्हणून पुढच्या सुराला फिल्टरचा एन्व्हलप नव्याने सुटत नाही. दुसरी, सुराची उंची सरकत पुढच्या सुरावर जाते. ही सरक साधारण ६० मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि सरळ रेषेत होत नाही, सुरुवातीला झपकन जाते आणि शेवटी हळूहळू टेकते. अर्ध्या सुराचं अंतर असो की पूर्ण सप्तकाचं, वेळ तेवढाच. टेम्पो बदलला तरी तेवढाच.

आता प्लगिनमध्ये काय काय बिघडतं ते बघा.

स्लाइड अजिबात होत नाही: ३०३च्या बहुतेक प्लगिनांना स्लाइड कळते ती सूर एकमेकांवर चढल्यावरच. ग चा शेवट म च्या सुरुवातीपलीकडे थोडासा, स्टेपच्या पाच-दहा टक्के, जायला हवा. नुसता टेकलेला चालत नाही. सूर नीट चढवूनही होत नसेल तर तुम्ही नंतर कुठेतरी नोटांची लांबी क्वांटाइझ केली (ठरावीक मापात बसवली) असणार, ती करताना चढवलेला भाग कापला जातो. एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी खास: पियानो रोलमधल्या छोट्या त्रिकोणाने ज्या स्लाइड नोटा काढता त्या एफएलच्या स्वतःच्या वाद्यांसाठी आहेत. बाहेरून आणून जोडलेल्या (व्हीएसटी) प्लगिनला त्या कळत नाहीत. मला आलेल्या फायलींतल्या ‘स्लाइड चालत नाही’ वाल्या निम्म्या तक्रारी या एका त्रिकोणाच्या आहेत. साध्या नोटा काढा आणि त्या एकमेकींवर चढवा.

सगळ्याच सुरांवर स्लाइड होते: हा वरच्याच चुकीचा उलटा अवतार. सूर पूर्ण स्टेपभर लांब असले की मागचा बंद व्हायचा क्षण आणि पुढचा सुरू व्हायचा क्षण एकच येतो. त्या क्षणी ‘चालू’चा निरोप ‘बंद’च्या आधी पोचला, की प्लगिनला वाटतं दोन सूर चढलेत. लांबी कमी करा, प्रश्न संपतो.

एकाच सुरावर स्लाइड टाकली आणि तो सूर मध्येच गायब: मशीनवर सा ला स्लाइड देऊन पुढे पुन्हा सा ठेवला तर एक लांब सा मिळतो. मिडीत, म्हणजे सॉफ्टवेअर सुरांचे निरोप ज्या भाषेत पाठवतं तिच्यात, एकाच सुराच्या दोन नोटा चढवल्या तर पहिलीचा ‘बंद’ निरोप दुसरीचाही गळा दाबतो, कारण मिडीला नोट ओळखू येते ती तिच्या क्रमांकावरून, कुठल्या क्षणी सुरू झाली त्यावरून नाही. अशा जागी दोन नोटा काढूच नका, एकच लांब नोट काढा.

स्लाइड होते, पण लांब उड्यांवर रेंगाळते: साध्या सिंथमध्ये ३०३ बनवताना हे होतं. तिथे पोर्टामेंटोचा (सूर घसरण्याचा) वेळ अंतरानुसार वाढत असतो. ती सोय बंद करून ठरावीक वेळेवर आणा.

प्लगिनचा स्वतःचा सिक्वेन्सर वापरत असाल तर हे सगळं तो सांभाळतो. मात्र स्लाइडची खूण कुठल्या सुरावर टाकायची, निघण्याच्या की पोचण्याच्या, ते दोनच सुरांचा पॅटर्न करून आधी ऐकून घ्या. मी एकदा पूर्ण बंदिश एक स्टेप चुकवून भरली होती आणि तासभर कान कोसत बसलो होतो.

जाता जाता: ही स्लाइड म्हणजे मींड नव्हे. मींडेत वाटेतल्या श्रुती दिसतात, वादक कुठे थांबायचं ते ठरवतो. ३०३ सगळ्या अंतरांना एकाच मापाने हाकतो. भैरवातला कोमल रे आंदोलित हवा असेल तर ३०३कडून तो मिळणार नाही, मशीनमध्ये तशी सोयच नाही. चरणजित सिंगांच्या रेकॉर्डवर रागाची सुरावट ज्युपिटर-८वर आहे आणि ३०३ खालून बेसचं चक्र फिरवतो, ही वाटणी बरोबर आहे. ३०३च्या प्लगिनवर राग ‘गाऊ’ पाहणाऱ्यांनी दुसरा सिंथ उघडावा आणि त्यावर पिच बेंडचा चाक वापरावा.

ऍक्सेंट म्हणजे मोठा आवाज नव्हे

सूर आणि स्लाइड बरोबर झाले की पॅटर्न ३०३सारखा चालतो, पण बोलत नाही. बोलतो तो ऍक्सेंटने. यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

पहिली तपासणी अगदी खालच्या पातळीवरची. बहुतेक प्लगिन ऍक्सेंट ओळखतात व्हेलॉसिटीवरून, एका ठरावीक आकड्याच्या वर गेलं की ऍक्सेंट. हा उंबरठा अनेकदा १००च्या आसपास असतो. आता गंमत बघा, एफएल स्टुडिओ आणि एबलटन लाइव्ह या दोन्हींत नव्याने काढलेल्या नोटेची व्हेलॉसिटीही १००च असते. म्हणजे तुमच्या सगळ्या नोटा नेमक्या उंबरठ्यावर उभ्या. प्लगिननुसार एक तर सगळ्या ऍक्सेंटच्या होतात किंवा एकही होत नाही. साध्या सुरांना ७० द्या, ऍक्सेंटच्या सुरांना १२० द्या, मधलं काहीच ठेवू नका. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलं असेल तर हाताच्या जोराचे चढउतार सपाट करून टाका. हार्मोनियम-कीबोर्डवाल्यांना हे जिवावर येतं, मलाही आलं होतं. पण इथे हाताची नजाकत ही कचरा आहे.

दुसरी गोष्ट आतली. मूळ मशीनमध्ये ऍक्सेंट पडला की तीन गोष्टी होतात. आवाज वाढतो, ही सगळ्यांना माहीत असते. फिल्टरचा डिके नॉब कुठेही असला तरी तेवढ्या सुरापुरता सर्वांत आखूड, साधारण २०० मिलिसेकंदांवर येतो, म्हणून ऍक्सेंटचा सूर चावल्यासारखा लागतो. आणि तिसरी, जी ऐकून लोक ‘हाच तो आवाज’ म्हणतात: एन्व्हलपचा एक भाग रेझोनन्सच्या नॉबमधून जाऊन फिल्टरला आणखी उघडतो. वाटेत एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) आहे. तो भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागतो. ऍक्सेंट सलग आले तर मागचा भार उतरायच्या आत नवा चढतो, आणि फिल्टर प्रत्येक ऍक्सेंटला आधीच्यापेक्षा वर उघडतो.

आता आपल्या पॅटर्नची स्टेप १५, १६ आणि १ ऐका. प्लगिन चांगला असेल तर ‘वाव-वाव-वॉव’ अशी चढण ऐकू येईल आणि तिसरा, सगळ्यात उघडा सूर बरोबर समेवर येईल. तिन्ही सूर सारखेच वाजत असतील तर एक तर ऍक्सेंटचा नॉब खाली आहे, नाहीतर रेझोनन्स खाली आहे (त्याच्यातूनच ती वाट जाते), नाहीतर प्लगिनने हा कपॅसिटर गृहीतच धरलेला नाही. पहिल्या दोन शक्यता पुसल्यावर आणि तेव्हाच प्लगिन बदलायचा विचार करा. खर्च न करता तपासायचं असेल तर जेसी-३०३ हा मोफत प्लगिन आहे, ओपन-३०३ या मुक्त स्रोत इंजिनावर बांधलेला. तोच मिडी पॅटर्न त्याला द्या आणि शेजारी ठेवून ऐका.

३०३चा प्लगिन नाही, साध्या सिंथमध्ये बनवायचंय

हे छान जमतं, आणि शिकायला तर हेच उत्तम. मी सर्ज एक्सटीमध्ये करतो, मोफत आहे. त्यात वाजवण्याच्या पद्धतींमध्ये ‘मोनो एसटी+एफपी’ नावाचा एक पर्याय आहे. नाव विचित्र वाटलं तरी काम नेमकं आपलं: सूर चढले तर एन्व्हलप पुन्हा सोडू नको, आणि सूर चढले तरच पोर्टामेंटो कर. पोर्टामेंटो ६० मिलिसेकंद, अंतरानुसार वेळ बदलणारा पर्याय बंद. व्हायटल वापरत असाल तर आवाजांची संख्या एक करा, लेगाटो चालू, ‘ऑल्वेज ग्लाइड’ आणि ‘ऑक्टेव्ह स्केल’ दोन्ही बंद.

ऑसिलेटर एक, सॉ. प्रत्येक सुराला लाट शून्यापासून सुरू होत असेल तर ते बंद करा, मूळ ऑसिलेटर अखंड चालूच असतो. स्क्वेअर हवी असेल तर अगदी बरोबर निम्मी नको, रुंदी थोडी हलवा. मशीनमध्ये स्क्वेअर ही सॉ मधूनच घडवलेली आहे आणि ती शाळेतल्या आकृतीसारखी नेटकी नसते.

फिल्टर दोन्ही सिंथमध्ये डायोड जातीचा मिळतो, तोच घ्या. फिल्टरचा उतार १८ डेसिबलचा की २४ डेसिबलचा हा जुना वाद आहे. सर्किट चार पोलचं (चार पायऱ्यांचं) आहे, म्हणजे २४चं. पण डायोडच्या शिडीत प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीवर ओझं टाकते, म्हणून कटऑफपाशी उतार एकदम न पडता गोलसर पडतो आणि कानाला १८सारखा भासतो. मूग सिंथच्या ट्रान्झिस्टर शिडीत असं होत नाही, म्हणूनच मूग-छाप फिल्टरवर कितीही आटापिटा केला तरी आवाज गोड आणि गुबगुबीत राहतो. कीबोर्ड ट्रॅकिंग शून्य करा. बहुतेक प्रीसेटांत ते थोडंफार चालू असतं आणि वरचे सूर उगाच उजळ होतात. ३०३त कटऑफ सुरामागे धावत नाही.

फिल्टरचा एन्व्हलप: अटॅक शून्य, डिके ३०० मिलिसेकंद ते एक सेकंद, सस्टेन शून्य. आवाजाचा एन्व्हलप: अटॅक दोन-तीन मिलिसेकंद, नाहीतर टिकटिक येते, डिके तीन सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज दहाएक मिलिसेकंद. मग व्हेलॉसिटी तीन ठिकाणी जोडा: आवाजाला थोडी, फिल्टर एन्व्हलपच्या खोलीला भरपूर, आणि फिल्टरच्या डिकेला उलट्या दिशेने, म्हणजे १२०ला डिके २०० मिलिसेकंदांवर उतरेल अशी. कपॅसिटरची चढण अशी जोडता येत नाही. ती मी कटऑफच्या ऑटोमेशनमध्ये (नॉबच्या नोंदवलेल्या हालचालीत) हाताने काढतो, सलग ऍक्सेंट आले की एकेक पायरी वर आणि मग ओसरतं. थोडी लबाडी आहे, पण चालून जाते.

एन्व्ह मॉड वाढवताना बेस कटऑफ किंचित खाली घ्या. मूळ मशीनमध्ये तो नॉब वर नेला की फिल्टरचा विसाव्याचा बिंदू खाली सरकतो, म्हणून झोका दोन्ही बाजूंना जातो. साध्या सिंथमध्ये झोका फक्त वर जातो आणि आवाज कर्कश होतो.

शिट्टी वाजते, बेस जातो

रेझोनन्स पूर्ण वर नेल्यावर सिंथ स्वतःच शिट्टी मारायला लागला, सूर बंद केला तरी, तर तुम्ही ३०३च्या पलीकडे गेलात. मूळ ३०३, त्यात फेरफार न करता, स्वतःहून शिट्टी मारत नाही. कडेपर्यंत जातो, चिरकतो आणि तिथेच अडतो. साध्या सिंथमध्ये शिट्टी सुरू होते त्या जागेच्या थोडं अलीकडे थांबा आणि तीच तुमची कमाल माना. शिवाय कटऑफ अगदी खाली असताना मशीनचा रेझोनन्स आपोआप मवाळ होतो, त्यामुळे खाली गुरगुर कमी आणि वर बोचरेपणा जास्त. खाली बूम होत असेल तर रेझोनन्सलाही कटऑफसोबत थोडं हलवा.

बेस पातळ वाटतो म्हणून दुसरा ऑसिलेटर, सब, कोरस असलं काही जोडू नका. ३०३ मुळात पातळच आहे. खालची जाडी ८०८च्या किकने येते.

रेकॉर्डवर तर वेगळाच येतो

एवढं करून आवाज बरोबर आला, पण मनातला आवाज तो नाही, असं झालं तर तुम्ही कदाचित ३०३ शोधतच नाही आहात. ऍसिडच्या बऱ्याच रेकॉर्डींवर ३०३च्या पुढे गिटारचा डिस्टॉर्शन पेडल आहे. १९८२च्या मुंबईच्या रेकॉर्डवर तो बराच स्वच्छ ऐकू येतो. आधी ठरवा, कुठला हवा. डिस्टॉर्शन हवं असेल तर ते प्लगिनच्या लगेच पुढे, डिले-रिव्हर्बच्या आधी, आणि डिस्टॉर्शन प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग चालू, नाहीतर वरच्या सुरांवर पत्रा घासल्यासारखा आवाज येईल. डिस्टॉर्शन लावलं की ऍक्सेंटमधला लहान-मोठा फरक दबतो आणि फक्त फिल्टरचा फरक उरतो, म्हणून ऍक्सेंटचा नॉब थोडा वर घ्यावा लागतो. तुलना करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करून घ्या. मोठा वाजणारा नेहमीच ‘खरा’ वाटतो. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर तुलना करू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं.

दुसरं असं की रेकॉर्डवर कुणीतरी नॉब फिरवत असतं. एकच लूप चार मिनिटं ऐकवत असेल तर हात चालू असतो. ऑटोमेशनमध्ये सरळ रेघ ओढून तो हात येत नाही. रेकॉर्ड चालू करा, माउसने का होईना एकदा कटऑफ, मग दुसऱ्या फेरीत एन्व्ह मॉड, असं हाताने भरा. मिडी नॉबने फिरवताना कटऑफ पायऱ्या-पायऱ्यांनी करकरत असेल तर ते मिडीच्या १२८ आकड्यांचं बंधन आहे. प्लगिनमध्ये स्मूदिंग असेल तर चालू करा, नाहीतर डीएडब्ल्यूचं (ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं रचता त्याचं) स्वतःचं ऑटोमेशन वापरा.

कडकड-तडतड येत असेल तर तो या पोस्टचा विषय नाही, ऑडिओ सेटिंगमधला बफर वाढवा.

पॅटर्नच सुचत नाही

ही तक्रार तांत्रिक नाही, पण येते. मूळ मशीनची आठवण बॅटरीवर जगायची. बॅटऱ्या काढल्या की भरलेले पॅटर्न जाऊन त्याजागी काहीबाही सूर उरायचे, आणि पुष्कळांना त्यातूनच चाली मिळाल्या. तुम्हीही रागाचे पाच-सात सूर घ्या, सोळा जागी आंधळेपणाने टाका, ऍक्सेंट आणि स्लाइडही तसेच, आणि मग नको ते पुसत जा. भैरव, तोडी, ललित यांत अर्ध्या सुराच्या जागा असल्यामुळे स्लाइड तिथे छान चावते. भूपात तेवढी मजा येत नाही, माझ्या कानाला तरी.

एवढं करूनही अडलं तर मला ऑडिओ पाठवू नका. मिडी फाइल पाठवा, आणि प्लगिनच्या खिडकीचा एक स्क्रीनशॉट, ज्यात सगळे नॉब दिसतील. ऑडिओवरून मला अंदाज बांधावा लागतो, मिडी उघडली की नोटांची लांबी पाच सेकंदांत दिसते.